कुटुंबाचा आवाज

धंतोलीत आमची खोली पहिल्या मजल्यावर आहे. खाली औषधांचं दुकान, शेजारी हाडांचे डॉक्टर, समोर डोळ्यांचे. दारावर ‘श्रवण तपासणी व श्रवणयंत्रे’ अशी पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. लोक खालच्या दुकानात ‘कानाची मशीनवाली मॅडम कुठं बसते?’ असं विचारतात आणि दुकानदार मान वर न करता बोट वर करतो. मी डॉक्टर नाही, हे मी प्रत्येकाला आधी सांगते. कान दुखत असेल, वाहत असेल तर डॉक्टरांकडे जा. ऐकू कमी येत असेल आणि डॉक्टरांनी इकडे पाठवलं असेल तर बसा. बाहेरगावच्यांनी सकाळी यावं, म्हणजे परतीची बस मिळते.

यादी करण्याची मला सवय आहे. किराण्याची, बॅटऱ्यांची, उलट फोन करायच्या माणसांची. घरी यावरून माझी चेष्टा होते. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी मागितल्या तेव्हा मी आधी यादीच केली. वर्ध्याच्या एक बाई, यंत्र लावताच ‘हे काय वाजून राहिलं?’ म्हणून घाबरल्या होत्या. त्यांच्याच बांगड्या होत्या, कित्येक वर्षांत ऐकल्या नव्हत्या. इतवारीतले एक कापडवाले, गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की यंत्र काढून खिशात टाकायचे, आणि ही युक्ती त्यांनीच मला मोठ्या कौतुकानं सांगितली होती. एक निवृत्त मुख्याध्यापक, झिजेल म्हणून यंत्र कपाटात कुलूप लावून ठेवायचे आणि पाहुणे आले की काढायचे. यादी लांबत गेली. मग तिच्यात दौलतरावांचं नाव आलं आणि बाकीच्यांवर मी रेघ मारली. ते गेले त्याला अजून वर्ष झालेलं नाही.

दौलतराव कोण, हे सांगण्याआधी कामाबद्दल थोडं सांगायला हवं. ऐकू कमी येणं म्हणजे सगळे आवाज लहान होणं, असं लोकांना वाटतं. म्हणून घरचे ओरडून बोलतात. पण बहुतेकांचं तसं नसतं. स, श, त, ख, फ ही बारीक, उंच पट्टीची अक्षरं आहेत. आ, ओ, म, व हे जाड, खालच्या पट्टीचे आवाज. वय झालेल्या कानातून आधी बारीक अक्षरं गळतात. तोफेजवळ उभ्या राहिलेल्या कानातूनही तीच गळतात, फक्त फार लवकर. मग कुणी ‘साखर’ म्हटलं तर कानात ‘आ’ आणि ‘अ’ तेवढे पोहोचतात. असा माणूस येतो आणि म्हणतो, ‘ऐकू येतं हो, समजत नाही.’ घरच्यांना वाटतं, सोंग करतोय. तो अगदी खरं बोलत असतो.

दौलतराव एका एप्रिलमध्ये आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, पायात चकचकीत बूट. त्या उन्हात बूट घालून माझ्याकडे दुसरं कुणी आलेलं आठवत नाही. बरोबर मुलगा प्रशांत, पुण्याला नोकरी करणारा, हातात फाईल. मी केसपेपर काढला आणि समोर बसून, तोंड दिसेल अशा बेतानं विचारलं, “कुटुंबात कोण कोण आहे?”

“कुटुंब एकच आहे जी,” दौलतराव म्हणाले. “दुसरं कराले परवानगी नव्हती फौजेत.”

प्रशांत कसनुसा हसला. “बाबा, घरात माणसं किती, असं विचारताहेत त्या.”

“मंग तसं इचारा ना. कुटुंब घरीच आहे. लकवा झाला तिले.”

त्या पिढीतले कितीतरी पुरुष बायकोचं नाव घेत नाहीत, आणि ‘बायको’ म्हणायलाही लाजतात. ‘कुटुंब’ म्हणतात. माझ्या आजोबांच्या तोंडी हा शब्द होता. एवढी वर्षं तो शब्द मी केसपेपरावर विचारत होते आणि कुणी मला पकडलं नव्हतं. मी रकान्यात ‘एक’ लिहिलं.

मग प्रशांतनं सगळं सांगितलं. वडील तोफखान्यात होते. एकाहत्तरच्या लढाईत सीमेवर तोफेवर होते, पुढे हवालदार होऊन निवृत्त झाले. मानेवाड्याकडे लहानसं घर आहे. दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. तेव्हापासून तिचं खाणंपिणं, आंघोळ, कूस बदलणं सगळं वडील करतात. बाई ठेवू म्हटलं तर ठेवू देत नाहीत. पण मागच्या महिन्यात वडील स्वयंपाकघरात असताना आई हाका मारत होती. त्यांना ऐकू आलं नाही. ती स्वतः उठायला गेली आणि खाटेवरून पडली. भिंतीपलीकडच्या शेजारणीनं ऐकलं आणि ती धावत आली.

“मी पुण्याला आईसाठी एक जागा पाहिली आहे,” तो म्हणाला. “नर्स असतात, चांगली आहे. बाबा आमच्याकडे राहतील. रोज भेटायला जाता येईल.”

दौलतराव त्याच्या ओठांकडे बघत होते. “म्हंजे ती तिकडं, मी इकडं.”

“बाबा, अर्ध्या तासाचा रस्ता आहे.”

“बदली झाली की मी कुटुंब सोडून जात होतो. वरून हुकूम येत होता म्हून जात होतो. आता कोन हुकूम देऊन राहिला? तू?”

मला तो मुलगा वाईट वाटला नाही. आई पडल्याची बातमी सातशे किलोमीटरवरून ऐकणाऱ्याला दुसरं काय सुचणार? त्यानं फाईल पुढे केली. जानेवारीत आईजवळ शेजारणीला ठेवून वडिलांना चार दिवस पुण्याला नेलं होतं, तेव्हा तिथं तपासणी केली होती. अहवालात लिहिलं होतं की शब्द ओळखण्याची क्षमता फारच कमी आहे, यंत्रानं विशेष फायदा होणार नाही. “नागपुरात एकदा दाखवू म्हणून हटून बसले, म्हणून आलो,” तो म्हणाला. “तुम्हीही तेच म्हणालात तर मी पुढच्या तयारीला लागतो.”

म्हणजे माझ्या टेबलावर त्या सकाळी एक कान तपासायचा नव्हता, एक घर राहणार की मोडणार हे ठरायचं होतं.

तपासणीचे दोन भाग असतात. आधी हेडफोनमधून बारीक-जाड टूं-टूं ऐकवायचं. ते झालं. बारीक आवाज गेलेले, जाड बऱ्यापैकी शिल्लक. तोफेचा कान जसा असतो तसाच. दुसऱ्या भागात मी तोंड झाकून साधे शब्द म्हणते आणि ऐकणाऱ्यानं ते तसेच परत म्हणायचे. आवाज त्याला पुरेल इतका मोठा केलेला असतो. इथं कळतं की मोठं केल्यावर कान शब्द पकडतो का.

“शाळा,” मी म्हटलं.

“शाया,” दौलतराव म्हणाले.

“डोळा.”

“डोया.”

“फळी.”

“फयी.”

“नळ.”

“नय.”

माझं पेन चुकीची खूण करायला खाली गेलं आणि तिथंच थांबलं. माझी आजी काटोलकडची. ती मला लहानपणी ‘उन्हात जाऊ नको, काई होशीन’ म्हणायची, म्हणजे काळी होशील. मी तपासणी थांबवली, त्यांना तपासणीच्या बंद केबिनमधून बाहेर बोलावलं आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत ‘शाळा’ लिहून पुढे धरलं. “वाचा.”

“शाया.”

खाली ‘डोळा’ लिहिलं.

“डोया.” मग त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. “मॅडम, डोयाची तपासनी समोरच्या बिल्डिंगीत आहे ना?”

प्रशांत हसायला लागला. मी विचारलं, “पुण्यात तपासणीच्या वेळी तुम्ही आत होता?”

“नाही. बाहेर बसलो होतो.” त्यानं अहवाल पुन्हा उघडला. “मीही घरी यांच्याशी बोलताना डोयाच म्हणतो. तिकडे गेलो की डोळा म्हणतो. माझ्या लक्षातच आलं नसतं.”

ज्यांनी ती तपासणी केली त्यांना मी दोष देणार नाही. शब्द बदलून आला तर कान चुकला असं धरायचं, हेच आम्हाला शिकवतात. पण आमच्याकडे वऱ्हाडी बोलणारी माणसं ळ म्हणतच नाहीत, आणि ऐकतात मात्र व्यवस्थित. ‘शाळा’ ऐकून ‘शाया’ म्हणणं हे उत्तम ऐकल्याचं लक्षण आहे. मी ळ असलेले सगळे शब्द काढून नव्यानं तपासणी केली. मोठ्या आवाजात दौलतराव बहुतेक शब्द बरोबर म्हणाले. ‘साप’ला ‘ताप’ म्हणाले, ‘खत’ला ‘सत’ म्हणाले. त्या खऱ्या चुका होत्या, आणि तसल्या चुकांसाठीच यंत्र असतं.

“फायदा होईल,” मी म्हटलं. “जादू होणार नाही, पण फायदा होईल.”

प्रशांतनं विचार केला. तो हिशेबी आहे, ते मला आवडलं. “माझ्या मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होते. त्याआधी मी येईन. तोपर्यंत बाबांना आईची हाक ऐकू यायला लागली, तर दोघं इथंच राहतील. नाही, तर मी दोघांना घेऊन जाईन. आणि बाबा, मग हट्ट नाही.”

“मंजूर,” दौलतराव म्हणाले. हे मात्र त्यांना एका दमात ऐकू आलं होतं.

यंत्राच्या मापासाठी आले तेव्हा कानाचा साचा घेताना मी सहज विचारलं, तोफेवर कानात काही घालायला देत नव्हते का. “कापूस देत होते,” ते म्हणाले. “पन कापूस खुपसला की हुकूम ऐकू येत नाई. हुकूम नाई ऐकला तर तोफ कोनावर डागशीन? म्हून मी काढून टाकला.” लढाईबद्दल त्यांनी मला सांगितलं ते एवढंच, आणि तेही मी कानाचं विचारलं म्हणून.

नव्या यंत्राच्या माणसाला मी ठरावीक गोष्टी सांगते. सुरुवातीला थोडा वेळच घाला. आंघोळीला आणि झोपताना काढा. डबीत ठेवा. पहिले काही दिवस भांडी, पंखा, स्वतःचं जेवण, सगळं कर्कश वाटेल, त्याला घाबरू नका. दौलतरावांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. “मॅडम, पलीकडच्या रामदासपेठेतले हॉर्न इथं ऐकू येऊन राहिले. मशीनीचा आवाज पुरे आहे, वाढवू नका.”

मे महिन्यात ते पुन्हा आले. या वेळी चेहरा पडलेला. “घरात काई समजत नाई. तुमच्या मशीनीत कूलर घुसला.”

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे उन्हाळ्यात खिडकीत लोखंडी कूलर बसवतात. मोठा पंखा, तीन बाजूंना गवताच्या ओल्या ताट्या, खाली पाणी. त्याच्याशिवाय मे महिना निघत नाही, लकव्याच्या पेशंटचा तर नाहीच. आणि तो गिरणीसारखा घरघरतो. यंत्रं हुशार असतात. एकसुरी घरघर ऐकली की ती तेवढी पट्टी दाबून टाकतात. आता त्या पट्टीत दुसरं काय आहे, हे यंत्राला कळत नाही.

“काकू हाक काय मारतात?” मी विचारलं.

“अवो म्हनते. तेवढंच येते तिले आता.”

अवो. सगळे जाड आवाज, बारीक अक्षर एकही नाही. शिवाय अर्धं तोंड हलत नसल्यामुळे मऊ आणि लांबट. यंत्रानं कूलर दाबताना काकूंची हाकही दाबली होती.

मी सहसा घरी जात नाही. एकाच्या घरी गेलं की सगळे बोलावतात. पण जून जवळ येत होता. रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मानेवाड्याला गेले.

बाहेरची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर, एका रेषेत. मधल्या खोलीत खाट, आणि खाटेच्या उशाशी खिडकीत कूलर. काकू उशांना टेकून बसल्या होत्या. वेणी घातलेली, कपाळाला कुंकू, दोन्ही जरा वाकडं. ते कुणी केलं हे विचारायची गरज नव्हती. खाटेखाली एक पांढरं बटण लोळत होतं, वायर नसलेल्या बेलचं. प्रशांतनं आणून दिलं होतं. दाबलं की स्वयंपाकघरात दिवा लागतो आणि घंटी वाजते.

“हे वापरत नाही का?” मी विचारलं. साधा उपाय असताना यंत्राची कसरत कशाला, हा माझा प्रश्न होता.

“दिलं होतं हातात. फेकून देते,” दौलतराव म्हणाले. मग खाटेकडे वळून मोठ्यानं, “काहून फेकते वं? सांग मॅडमले.”

काकूंनी डावा हात उचलून हवेत बटण दाबल्यासारखं केलं, मग दौलतरावांकडे बोट दाखवलं आणि दोन्ही डोळे मिटून मान हलवली.

“घंटी वाजवून नवऱ्याले बोलावत नाई ती,” दौलतरावांनी अर्थ सांगितला. “मनते, घंटी साहेब लोकं शिपायाले वाजवतात. आता मी फौजेत काय होतो? शिपाईच ना! पन ऐकत नाई.” काकूंचं अर्धं तोंड हसलं.

बेलचा विषय मी तिथंच संपवला.

मला काकूंची हाक हवी होती, स्वच्छ, मागे दुसरा आवाज नसलेली. ती लॅपटॉपवर घ्यायची, कूलरचा आवाज वेगळा घ्यायचा, आणि मग यंत्रात या एका हाकेसाठी वेगळी रचना करून ठेवायची. यंत्रावरचं बटण दाबलं की हा दुसरा प्रोग्राम सुरू. पण परक्या बाईनं ‘हाक मारा’ म्हटल्यावर काकू ओठ घट्ट मिटून बसल्या. दौलतराव समोर उभे असताना त्यांना हाक कशाला मारायची? त्यांचं बरोबर होतं.

म्हणून कूलर बंद केला आणि दौलतरावांना स्वयंपाकघराच्या भिंतीआड पाठवलं. काहीही झालं तरी बोलायचं नाही, हलायचं नाही, असं बजावलं. ते तिथं सावधानमध्ये उभे राहिले. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. काकूंनी दाराकडे पाहिलं, पलीकडे पाहिलं. नवरा दिसेना.

“अवोऽ.”

“काय वं?” भिंतीआडून तोफेसारखा आवाज आला. रेकॉर्डिंग फुकट.

“काका, बोलायचं नाही!”

“तोंडातून निंगून गेलं जी.”

पुन्हा सुरुवात. पुन्हा “अवोऽ”, आणि पुन्हा “आलो वं, आलो!” आणि चपलांचा फटफट आवाज, आणि ते खरोखरच दारात. आल्यावर त्यांना आठवलं. तिसऱ्या वेळी त्यांनी रुमाल दातात धरला. बोलले नाहीत, पण पाय निघालेच. आता काकूंना खेळ समजला होता. त्या मान खाली घालून हसत होत्या, आणि हसताना हाक मारणं जमत नव्हतं.

“असं होणार नाही,” मी म्हटलं. “यंत्रं काढा.”

मी दोन्ही यंत्रं त्यांच्या कानांतून काढून घेतली आणि त्यांना परत भिंतीआड उभं केलं. रेकॉर्डिंग खाटेजवळ चालू ठेवून मीही त्यांच्याजवळ गेले. तिथून काकू दिसत नव्हत्या. थोडा वेळ गेला. मग हाक आली. “अवोऽ.” दौलतराव माझ्याकडे बघत होते. पुन्हा, जरा लांब, “अवोऽऽ.” तिसऱ्यांदा आवाज चढला आणि शेवटाला फाटला. त्यांचा चेहरा तसाच. ते माझ्या खुणेची वाट बघत होते. मी हात वर केला तेव्हा त्यांनी विचारलं, “मारली का तिनं?”

“मारली.”

“कितीदा?”

मी बोटं दाखवली. त्यांनी यंत्रं घ्यायला हात पुढे केला.

ते रेकॉर्डिंग स्वच्छ निघालं. त्यावरून दुसरा प्रोग्राम बसवला. यंत्राची कूलर दाबायची हुशारी त्यात बंद केली आणि काकूंच्या आवाजाची पट्टी तेवढी उचलली. पण नुसत्या प्रोग्रामनं भागणार नव्हतं. मी घराचा आराखडा काढला आणि कामं लिहून दिली. कूलर उशाजवळून काढून बाहेरच्या खोलीच्या खिडकीत बसवा, हवा दारातून आत येईल. खाट फिरवा, म्हणजे काकूंचं तोंड स्वयंपाकघराकडे होईल. तिथं कुकरऐवजी जमेल तेव्हा साधं पातेलं. दौलतरावांनी शेजारच्या दोघांना धरून त्याच दुपारी कूलर हलवला. संध्याकाळी मला फोन. “मॅडम, कूलर चालू आहे. मी मोरीत आहे. तिनं हाक मारली, मी जाऊन आलो. रिपोर्ट देऊन राहिलो.”

जूनच्या सुरुवातीला प्रशांत आला. काय झालं ते त्यानंच नंतर सांगितलं. दुपारी तो आईजवळ बसला होता, वडील मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, कूलर चालू होता. आईनं हाक मारली. काय हवंय ते बघायला तो वाकला, तोवर वडील ओल्या हातांनी दारात हजर होते. “आईला माझ्याकडून काहीच नको होतं,” तो म्हणाला. “त्यांना ऐकू येतं, हे तिनं मला करून दाखवलं.” पुण्याच्या त्या जागेला त्यानं नाही कळवलं. बदल्यात एक अट घातली की सकाळच्या कामाला बाई ठेवायची. दौलतरावांनी ती मान्य केली, पण वेणी आपणच घालणार हे सांगून टाकलं.

पुढे दर तीन-चार महिन्यांनी ते यंत्रांच्या सफाईला यायचे. एकदा पाहिलं तर दोन्ही कान आतून सोलवटून लाल झालेले. मला राग आला. “काका, झोपताना काढायचं सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“मॅडम, संतरी रात्री कान काढून ठेवते का?”

मी त्यांना वेळापत्रक करून दिलं. एक रात्र डावा कान, एक रात्र उजवा. सुट्टीवरच्या कानाला डॉक्टरांनी दिलेलं मलम. ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. ‘आज डाव्याची ड्यूटी आहे’ म्हणायचे.

काकू त्यानंतर दोन उन्हाळे राहिल्या आणि हिवाळ्यात गेल्या, घरीच. तेरावं झाल्यावर दौलतराव आले, नेहमीसारखे, बूट घालून. मी यंत्रं साफ केली. मग कामाचंच विचारलं. “दुसरा प्रोग्राम आता काढून टाकू का?”

“राहू द्या. जागा तर खात नाई ना?” मग स्वतःहूनच म्हणाले, “त्या दिवशी दुपारी मी भाजी चिरून राहिलो होतो. तिनं आवाज दिला. गेलो. पानी पायजे का इचारलं, नाई. कूस बदलून देऊ का, नाई. मंग काहून बोलावलं वं, मनलं, तं नुसती पाहून राहिली. हजेरी घेतली तिनं. हाजिर आहे मनलं मी. मंग परत भाजीले गेलो. संध्याकायी गेली.”

त्यांनी यंत्रं कानांत घातली, दोन्ही नीट बसली का ते चाचपलं आणि खाली उतरले.

या वर्षाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रात त्यांच्या निधनाची चार ओळींची बातमी आली. ‘माजी सैनिक आणि कुटुंबवत्सल म्हणून ते परिचित होते.’ हा शब्द अशा बातम्यांत सरसकट कुणालाही लावतात. या वेळी तो अगदी अचूक लागला होता, आणि लिहिणाऱ्याला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

महिनाभरानं प्रशांत यंत्रं घेऊन आला. कुणा गरजूला द्या म्हणाला. मी त्याच्यासमोरच ती लॅपटॉपला जोडली. आता ती एका भाजीवाल्या बाईंसाठी नव्यानं बसवायची होती, त्यांना बाजारातलं गिऱ्हाईक ऐकू यायला हवं. जुने प्रोग्राम पुसताना मी त्याला सांगितलं की आईचा आवाज माझ्याकडे आहे, हवा असेल तर देते. स्वच्छ रेकॉर्डिंग आहे, मागे काहीही आवाज नाही.

त्यानं हेडफोन लावले. तीन हाका ऐकल्या. शेवटची फाटलेली हाक आली तेव्हा त्यानं ते झटकन काढले.

“हे नको, मॅडम,” तो म्हणाला. “यात कुणीच ओ देत नाही.”

मी रेकॉर्डिंग कामापुरतं ठेवते आणि बिघडलेलं लगेच पुसते, असा माझा शिरस्ता आहे. त्या रविवारचं बिघडलेलं मात्र माझ्याकडून पुसायचं राहून गेलं होतं. मी ते शोधून लावलं. काकूंची हाक आली आणि तिच्या पाठोपाठ चपलांची फटफट. प्रशांत हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसला. आवाज बाहेर मलाही ऐकू येत होता, इतके दौलतराव मोठ्यानं बोलले होते.

“आलो वं, आलो!”

“हे द्या,” तो म्हणाला.